विद्यापीठातील आपले कपाट आणि त्याची किल्ली

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात बोलण्यासाठी बाहेरगावाहून एखादे विद्वान वक्ते येतात. यंदा चिटणीस साहेबांनी हे काम माझ्यावर सोपविले आणि विषयही मलाच निवडावयास सांगितला. मी विषय सांगितला तेव्हा आमच्या शिक्षक-खोलीत हशा पिकला. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "सर, तुम्ही इतिहास शिकवता. हे संगणकाचे कोठून काढलेत?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. मी बी.ए., बी.एड. आहे, संगणकशास्त्राचा पदवीधर नाही. जे सांगणार आहे ते आधी स्वतःच्या अज्ञानामुळे नुकसान सोसून आणि मग आपल्याच एका माजी विद्यार्थिनीबरोबर बसून शिकलो आहे.

आधी माझे नुकसान सांगतो, म्हणजे तिचे सांगावयास संकोच वाटणार नाही. २०११ साली मी बी.एड. करीत होतो. कृतिसंशोधनाचा अहवाल टाइप करून मी तो एका पेन ड्राइव्हमध्ये ठेवला होता आणि तो पेन ड्राइव्ह खिशात घालून गावभर फिरत असे. छपाईसाठी एका सायबर कॅफेत गेलो. तेथील यंत्रात तो लावला आणि पाहतो तो माझ्या फोल्डरांच्या जागी नुसते शॉर्टकट! व्हायरस शिरला होता. कोणी म्हणाले एवढेच कर, कोणी म्हणाले तेवढेच कर. त्या खटाटोपात उरले होते तेही पुसले गेले. बावीस दिवसांचे काम मी पाच रात्री जागून पुन्हा लिहिले, आणि ते पहिल्यासारखे उतरले नाही. आता यातील खरी गोष्ट ऐका. आमच्या महाविद्यालयाच्या संगणक-कक्षात प्रत्येक प्रशिक्षणार्थीला सर्व्हरवर स्वतःची जागा दिलेली होती. प्रवेशाच्या वेळी मिळालेल्या कागदांत युजरनेम आणि पासवर्ड छापलेला होता. तो कागद मी दाखल्यांच्या फाइलमध्ये जपून ठेवला होता, वाचला मात्र नव्हता. मला कोणी सांगितले नाही असे मी पुष्कळ दिवस म्हणत असे. मी कोणाला विचारले नाही, हे म्हणावयास मला काही वर्षे लागली.

आपल्या घरांतून विद्यापीठात जाणारी मुले बहुतेक पहिल्याच पिढीची असतात. वडील आखातात, आई शाळेत चौथी-सातवीपर्यंत गेलेली. ज्या घरात मोठा भाऊ, बहीण, चाचा कोणीतरी विद्यापीठात राहून आलेले असते त्या घरातील मुलाला पहिल्याच आठवड्यात चार गोष्टी घरबसल्या कळतात. आपल्या मुलाला त्या कळावयास एक वर्ष जाते, आणि त्या वर्षात गुण जातात. नेटवर्क ड्राइव्ह ही त्या चार गोष्टींपैकी एक होय.

हे काय प्रकरण आहे ते सोप्या शब्दांत सांगतो. आपल्या गावात घरोघरी नळ आहेत. नळ घरात असतो, पाणी मात्र टेकडीवरच्या टाकीत असते. तुमच्या नळाला पाणी आले म्हणजे टाकी तुमच्या स्वयंपाकघरात आली असे होत नाही. नेटवर्क ड्राइव्हचे तसेच आहे. विद्यापीठाच्या एखाद्या इमारतीत, कुलूपबंद, थंड केलेल्या खोलीत मोठी यंत्रे चालू असतात. त्यांना सर्व्हर म्हणतात. त्यांच्यावर प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक कप्पा राखलेला असतो. विद्यार्थ्याने विद्यापीठातील संगणकावर स्वतःच्या नावाने प्रवेश केला की तो कप्पा पडद्यावर एखाद्या इंग्रजी अक्षराच्या रूपाने दिसू लागतो. जुन्या संगणकांत ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीसाठी असत, सी म्हणजे यंत्राची स्वतःची डिस्क. पुढची अक्षरे मोकळी असत, म्हणून विद्यापीठे आपल्या कप्प्याला एच किंवा एम अशी अक्षरे देतात. एच म्हणजे होम, घर. दिसावयास तो याच यंत्रात असल्यासारखा दिसतो, पण असतो टाकीवर. म्हणून आज ग्रंथालयातल्या यंत्रावर लिहिले आणि उद्या दुसऱ्या इमारतीतल्या यंत्रापुढे बसले तरी कालचे काम समोर हजर.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठाने १९८२ साली आय.बी.एम. कंपनीच्या साहाय्याने 'अँड्र्यू' नावाचा प्रकल्प हाती घेतला. विद्यार्थ्याने आवारातील कोणत्याही यंत्रासमोर बसावे आणि त्याचे कागद त्याच्यापुढे यावेत, हा त्यातला एक मोठा हेतू होता. विद्यापीठाच्या दोन आश्रयदात्यांचे, कार्नेगी आणि मेलन यांचे, पहिले नाव अँड्र्यू. म्हणून प्रकल्पाचेही तेच नाव. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, एम.आय.टी. या संस्थेत 'अथेना' प्रकल्प सुरू झाला. तेथे प्रश्न पडला की समोर बसलेला मनुष्य खरोखर तोच आहे हे सर्व्हरने कसे ओळखावे. त्यातून 'कर्बेरॉस' ही ओळख पटविण्याची पद्धत निघाली. ग्रीक पुराणातील पाताळाच्या दारावरील तीन डोक्यांच्या कुत्र्याचे हे नाव आहे. ही पद्धत आजही असंख्य विद्यापीठांत, कार्यालयांत काम करीत आहे. त्याच सुमारास आय.बी.एम.मध्येच एस.एम.बी. नावाची बोली तयार झाली. बोली म्हणजे एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला फाइल कशी मागावी याचे नियम. मायक्रोसॉफ्टने ती पुढे वाढविली, आणि आज विंडोजमध्ये नेटवर्क ड्राइव्ह जोडतो तेव्हा सामान्यतः हीच बोली चालते.

येथे विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट थोडी सविस्तर सांगितल्यावाचून राहवत नाही. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथील राष्ट्रीय विद्यापीठात अँड्र्यू ट्रिजेल नावाचा एक संशोधक विद्यार्थी होता. (हा अँड्र्यू निराळा!) १९९१-९२ च्या सुमारास त्याला आपल्या टेबलावरील संगणकावरून दुसऱ्या जातीच्या मोठ्या यंत्रावरच्या फाइली पाहावयाच्या होत्या. दोन्ही यंत्रांची बोली वेगळी. त्याने दोन यंत्रांमधील संभाषण तारेवरून ऐकले, त्याचा अर्थ लावला आणि स्वतःच दुभाषा लिहिला. पुढे त्याचे 'सांबा' हे नाव पडले. तो त्याने जगाला फुकट दिला. आज अनेक संस्थांच्या सर्व्हरमध्ये हा सांबा बसलेला आहे. विद्यार्थ्याला आपली फाइल मिळत नव्हती, एवढीच त्याची सुरुवात.

आता कामाचे बोलतो. आवारात असताना आणि घरी असताना, या दोन परिस्थिती निरनिराळ्या आहेत, आणि सगळा घोटाळा हा फरक न समजल्याने होतो.

आवारातील संगणक-कक्षात काही करावे लागत नाही. प्रवेश केला की ड्राइव्ह आपोआप येतो. एकच सावधगिरी हवी. त्या यंत्राच्या डेस्कटॉपवर काही ठेवू नये. अनेक विद्यापीठांत अशी सार्वजनिक यंत्रे विद्यार्थी उठून गेला की स्वतःला पुसून स्वच्छ करतात. ज्या मुलीची गोष्ट मी सांगणार आहे ती सप्टेंबर २०१९ मध्ये इंग्लंडमधील एका विद्यापीठात एम.एस्सी.साठी गेली. आपल्याच शाळेची, गरीब घरची, कर्ज आणि शिष्यवृत्ती यांची मोट बांधून गेलेली. तिने पहिला निबंध ग्रंथालयातील यंत्राच्या डेस्कटॉपवर ठेवला आणि नमाज व जेवण उरकून यावे म्हणून लॉग-आउट करून गेली. परत येते तो डेस्कटॉप कोरा. तिच्या बाजूला बसणाऱ्या मुलीने विचारले, "एम ड्राइव्हवर का नाही ठेवलास?" तिला एम ड्राइव्ह म्हणजे काय तेच ठाऊक नव्हते. त्या रात्री तिने मला फोन केला. मलाही ठाऊक नव्हते! तिच्या विद्यापीठात मदतकक्ष होता, तेथे माणसे पगार घेऊन याच कामासाठी बसलेली होती, आणि ही मुलगी चार-पाच हजार मैलांवरच्या एका इतिहासाच्या मास्तरला विचारीत होती. का? तर तेथे विचारले तर हसतील. हा संकोच मी ओळखतो, कारण तो माझ्यातही होता.

आवारात स्वतःचा लॅपटॉप नेला तर एक पायरी वाढते. आधी विद्यापीठाच्या वाय-फायला जोडावे लागते. पुष्कळ ठिकाणी ते 'एड्युरोम' नावाने दिसते. ही योजना युरोपात २००२ च्या सुमारास सुरू झाली आणि आज शंभरावर देश-प्रदेशांत आहे. आपल्या देशात तिचे काम अर्नेट ही संस्था पाहते. तिची गंमत अशी की एका सहभागी विद्यापीठाचा विद्यार्थी दुसऱ्या सहभागी विद्यापीठात पाहुणा गेला तरी स्वतःच्याच नावाने त्याला तेथील वाय-फाय मिळते. मात्र युजरनेम पूर्ण, विद्यापीठाच्या पत्त्यासह लिहावे लागते. अर्धे लिहिले की दार उघडत नाही.

वाय-फाय मिळाल्यावर विंडोजमध्ये 'धिस पी.सी.' उघडावे आणि 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' हा पर्याय निवडावा. तेथे एक अक्षर निवडावयाचे आणि विद्यापीठाने दिलेला मार्ग लिहावयाचा. हा मार्ग दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होतो, पुढे सर्व्हरचे नाव, मग पुन्हा एक उलटी रेघ आणि कप्प्याचे नाव. आमच्याकडून निम्म्या चुका या रेघांतच झाल्या. आपण वेबसाइटच्या पत्त्यातील सुलट रेघ मारतो आणि यंत्र म्हणते, सापडत नाही. त्याखाली 'वेगळ्या ओळखीने जोडा' अशा अर्थाची एक चौकट असते, तीवर खूण करावी. नाहीतर लॅपटॉप आपल्या घरगुती नावाने दार ठोठावतो आणि सर्व्हर त्याला ओळखत नाही. ॲपलच्या संगणकात 'फाइंडर'च्या 'गो' या यादीत 'कनेक्ट टू सर्व्हर' आहे. तेथे मार्गाच्या आधी एस.एम.बी. ही तीन अक्षरे, विसर्गासारखी दोन टिंबे आणि दोन सुलट रेघा. दोन कंपन्यांनी रेघासुद्धा उलटसुलट करून ठेवल्या आहेत, त्याला आपला इलाज नाही.

आता घरून. घरच्या इंटरनेटवरून हेच सगळे केले तर काही होत नाही. अक्षरावर लाल फुली दिसते. मुले समजतात पासवर्ड चुकला, आणि तोच पुन्हा पुन्हा टाकीत बसतात. पासवर्ड बरोबर असतो. दारच रस्त्याच्या बाजूला ठेवलेले नसते.

ते का ठेवलेले नसते, हे कळले म्हणजे राग येत नाही. एस.एम.बी. बोलीचे दार, ज्याला संगणकवाले ४४५ क्रमांकाचे पोर्ट म्हणतात, ते उघडे सापडले की चोर आत शिरतात. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर व्हायरस एस.एम.बी.च्या जुन्या आवृत्तीतील एका छिद्रातून जगभर पसरला. फाइली कुलूपबंद करून तो पैसे मागे. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांना त्या दिवशी रुग्णांच्या भेटी, शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. त्या छिद्राला बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी लावली नाही ते सापडले. म्हणून शहाणी विद्यापीठे हे दार बाहेरच्या रस्त्याला ठेवीतच नाहीत.

मग घरून जावे कसे? बोगद्यातून. आपल्यापैकी सर्वांनी कोकण रेल्वेने प्रवास केला आहे. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे. गाडी आत शिरली की डोंगरावरच्या माणसाला गाडीत कोण बसले आहे ते दिसत नाही, आणि गाडी थेट पलीकडे निघते. व्ही.पी.एन. हा असाच बोगदा आहे. त्याचे एक तोंड आपल्या लॅपटॉपमध्ये, दुसरे विद्यापीठाच्या आत. मधल्या सगळ्या वाटेवर मजकूर सांकेतिक लिपीत असतो. बोगद्यातून पलीकडे निघालेले यंत्र आवारातच बसल्यासारखे धरले जाते. त्यासाठी विद्यापीठ सांगेल तोच व्ही.पी.एन. कार्यक्रम विद्यापीठाच्याच पानावरून घ्यावा. मोबाइलवर जाहिरातीत दिसणारे फुकट व्ही.पी.एन. याच्या कामाचे नाहीत. त्यांचे दुसरे तोंड कोणाच्या घरात उघडते हे आपल्याला माहीत नसते.

क्रम ध्यानात ठेवा. आधी घरचे इंटरनेट, मग व्ही.पी.एन., मग ड्राइव्ह. आणि उठताना उलट क्रम: आधी फाइल बंद, मग ड्राइव्ह, मग व्ही.पी.एन. हा क्रम मला त्या मुलीने शिकविला, आणि कसा ते आता सांगतो.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे तिचे विद्यापीठ बंद होऊ लागले. विमाने थांबण्याच्या आठ-दहा दिवस आधी ती गावी परतली. प्रबंध बाकी होता, सप्टेंबरात द्यावयाचा होता. घरात तिला एक कोपरा मिळाला, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाला दीड जी.बी.चा पॅक. तिच्या आईचे म्हणणे असे की मुलगी शिकून आली ती दिवसभर मशिनीसमोर बसून राहते, पाहुण्यांत येत नाही. आईचे चुकत होते असे मी म्हणणार नाही, कारण अभ्यास म्हणजे पुस्तक उघडून मोठ्याने वाचणे, असेच आपण सर्वांनी पाहिलेले आहे. पडद्यावर लाल फुली जाऊन एम अक्षर हिरवे होईपर्यंत ताटकळत बसणे हाही अभ्यास, हे आईला कोणी सांगावे?

एवढ्या अंतरावरून ड्राइव्ह फार संथ चालतो. एस.एम.बी. ही बडबडी बोली आहे, प्रत्येक लहान गोष्टीला विचारणा आणि उत्तर. आवारात ती क्षणात होते, कोकणातून इंग्लंडपर्यंत प्रत्येक फेरीला वेळ लागतो. म्हणून तिने एक रीत ठरविली. सकाळी फाइल ड्राइव्हवरून लॅपटॉपवर उतरवून घ्यावयाची, दिवसभर त्यावर काम करावयाचे आणि रात्री व्ही.पी.एन. लावून, नावात तारीख घालून, परत ठेवावयाची. तारीख घालणे महत्त्वाचे. नाहीतर 'शेवटचा मसुदा', 'अगदी शेवटचा मसुदा' अशा फाइलींच्या जंजाळात खरा शेवटचा कोणता ते कळत नाही. ती हे काम रोज रात्री करी, इशाच्या नमाजनंतर, कारण तेव्हा मोबाइलला बरी रेंज असे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. येथे बसलेल्यांना त्या दिवसाचे वर्णन करण्याची गरज नाही. रायगडची किनारपट्टी आणि आपल्या जिल्ह्याचा उत्तर भाग, दापोली-मंडणगड, सगळीकडे माड आणि पोफळी आडव्या झाल्या. हिच्या घराचे पत्रे उडाले. सगळे सामान वाचविण्याच्या धावपळीत लॅपटॉप भिजला तो भिजलाच. वीज नाही, फोन नाही. सव्वादोन आठवड्यांनी शाळेच्या बाजूला वीज आली आणि कार्यालयातील फोनची लाइन सुरू झाली, तेव्हा ती आईला घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, शाळेचा संगणक तासभर द्याल?"

तासभर म्हणता म्हणता दुपार झाली. शाळेचे यंत्र जुने. आधी विद्यापीठाच्या पानावरून व्ही.पी.एन. उतरवून घेतला. तो लागला. मग ड्राइव्ह जोडावयास गेलो तर ओळखच पटेना. मी म्हणालो, आता राहू दे. ती म्हणाली, "सर, दीड वाजू दे, तिकडे नऊ वाजतात." उन्हाळ्यात इंग्लंड आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. दीड वाजता तिने मदतकक्षाला चॅटवर लिहिले. आता तिला हसतील अशी भीती नव्हती. तिकडच्या गृहस्थाने तीन मिनिटांत सांगितले की युजरनेमच्या आधी विद्यापीठाच्या डोमेनचे नाव आणि एक उलटी रेघ घाल. घातली. एम अक्षर आले. २ जूनच्या रात्रीपर्यंतचा सगळा प्रबंध आमच्या शाळेच्या कार्यालयात, त्या जुन्या पडद्यावर उभा राहिला. तिची आई मागे बाकावर बसली होती. तिने विचारले, "हे इंग्लंडमधलं आहे?" मुलगी म्हणाली, "होय अम्मी, तिथंच आहे. इथून दिसतं."

एक फाइल मात्र उघडेना. वादळाच्या आदल्या रात्री परत ठेवीत असताना व्ही.पी.एन. तुटला होता आणि ती अर्धवट लिहिली गेली होती. तेव्हा त्याच गृहस्थाने फाइलवर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'प्रीव्हियस व्हर्शन्स' पाहा म्हणून सांगितले. सर्व्हरवर ही सोय चालू ठेवलेली असली तर तो ठरावीक वेळाने कप्प्याची छायाप्रत घेत असतो. १ जूनची प्रत मिळाली. एका दिवसाचे काम गेले, बाकीचे राहिले. पेन ड्राइव्हला हे कोठून येणार? दुसऱ्याच वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी, चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी घराघरांत शिरले तेव्हा किती लोकांचे कागद, संगणक चिखलात गेले ते आपण पाहिलेच.

त्या दिवशी उठण्यापूर्वी तिने आपली फाइल बंद केली, ड्राइव्ह तोडला, व्ही.पी.एन. तोडला आणि संगणकाने पासवर्ड लक्षात ठेवला नाही ना, हे दोनदा पाहिले. मला थोडे वाईट वाटले की ही माझ्यावर विश्वास ठेवीत नाही. नंतर वाटले, हीच खरी शिकलेली.

यावरून पालकांशी थोडे स्पष्ट बोलतो. आपल्या मुलांचे प्रवेश-अर्ज आपण सायबर कॅफेत भरतो. ई-मेल कॅफेवाल्याचा, पासवर्ड त्याच्या वहीत, आणि मोबाइल नंबर वडिलांचा. पुण्यातील एका महाविद्यालयात गेलेल्या आपल्या एका विद्यार्थ्याचे असेच झाले. हल्ली व्ही.पी.एन.ला नुसता पासवर्ड पुरत नाही. दुसरी खात्री म्हणून मोबाइलवर आकडे येतात. ते आकडे जात होते वडिलांच्या फोनवर, कुवेतमध्ये. वडील कामावर, फोन लॉकरमध्ये. ते सुटून फोन पाहत तोपर्यंत आकड्यांची मुदत संपलेली असे. मुलगा दोन महिने घरून काहीही उघडू शकला नाही, आणि प्रत्येक वेळी बाप-बेट्यांत भांडण. महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन नंबर बदलून घ्यावयास त्याला पंधरा मिनिटे लागली, पण जावयाचे धाडस व्हावयास दोन महिने. मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली, विद्यापीठात गेली, तर तो नंबर आणि तो पासवर्ड तिचा स्वतःचा असू द्यावा. मुलीच्या हाती स्वतःच्या नावाचा फोन देण्यास काही घरांत आजही मन धजत नाही हे मला ठाऊक आहे. परंतु मग प्रवेशाची फी भरून कपाट घेतले आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवली, असे होते. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हीही तो पासवर्ड मित्राला, भावाला, कॅफेवाल्याला देऊ नका. विद्यापीठांच्या नियमांत सामान्यतः तो शिस्तभंग धरतात, आणि तुमच्या नावाने दुसऱ्याने काही केले तर उत्तर तुम्हाला द्यावे लागते.

परदेशी जाणारे थोडे, येथेच शिकणारे पुष्कळ. आपल्याकडे सर्व महाविद्यालयांत असे ड्राइव्ह आहेत असे नाही. अनेक ठिकाणी, आणि परदेशातही, विद्यापीठे आता गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या ढगातील जागा देतात, तेथे व्ही.पी.एन. लागत नाही. परंतु ग्रंथालयाची नियतकालिके घरून वाचण्यासाठीसुद्धा हीच ओळख लागते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट संस्थेने 'इन्फेड' या योजनेतून सहभागी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयाच्याच युजरनेमने घरून ती उघडण्याची सोय केली आहे. ती वापरणारा आपला विद्यार्थी मला अजून क्वचितच भेटला आहे. तेव्हा महाविद्यालयात पहिल्या दिवशी ग्रंथपालांना तीन प्रश्न विचारा: माझी जागा कोणती, घरून कसे जावे, आणि शिक्षण संपल्यावर ती जागा किती दिवस राहते. तिसरा प्रश्न कोणी विचारीत नाही. खाते कायमचे नसते. पदवी मिळाल्यावर काही काळाने ते बंद होते आणि आतले पुसले जाते. त्या मुलीने निकालानंतर आठवडाभर रोज थोडे थोडे उतरवून घेतले, कारण दिवसाचा पॅक दीड जी.बी.चाच होता.

शाळेच्या कार्यालयातील तो संगणक आता थोडा सुधारला आहे. मुख्याध्यापकांच्या परवानगीने येत्या महिन्यापासून दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी तेथे बसणार आहे. ज्या मुलामुलींनी यंदा महाविद्यालयात किंवा विद्यापीठात प्रवेश घेतला आहे त्यांनी प्रवेशाच्या वेळी मिळालेला तो छापील कागद आणि स्वतःचा फोन घेऊन यावे. पासवर्ड मला सांगू नये, मी तोंड फिरवून उभा राहीन. आईवडिलांपैकी कोणी बरोबर आले तर मागे बाक आहेच.